टोचन करून आणलेली ऑटोमॅटिक गाडी आणि पावसाळ्यातला घाट

प्रश्न असा आहे: जुलैमध्ये पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगावकडे उतरताना रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यातून गाडी काढली आणि ती बंद पडली. गाडी पेट्रोलवरची, सीव्हीटी ऑटोमॅटिक, पुढच्या चाकांना ताकद जाणारी. चार-पाच वेळा बटण दाबूनही सुरू झाली नाही. एका पिकअपवाल्याने दोरी बांधून, न्यूट्रलमध्ये, सुमारे ३० किलोमीटर ओढत गॅरेजपर्यंत आणली. उतारावर ब्रेक दगडासारखा कडक लागत होता. एअर फिल्टर वाळवल्यावर इंजिन सुरू झालं, पण आता गाडी उठताना झटका देते आणि बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. टोचन करताना काय चुकलं, आणि पुढच्या पावसाळ्याआधी काय तयारी करावी?

आधी तातडीचं. ही गाडी आजपासून चालवू नका. झटका आणि शिट्टी ही दोन्ही लक्षणं गिअरबॉक्सच्या आतल्या पट्ट्याकडे बोट दाखवतात, आणि तसं असेल तर प्रत्येक किलोमीटरला दुरुस्तीचा खर्च वाढतोय.

सीव्हीटीमध्ये नेहमीसारखी दातेरी गिअरची चाकं नसतात. दोन पुलींच्या मधे पोलादी पट्टा असतो आणि तो पकडून ठेवण्याचं काम तेलाचा दाब करतो. हा दाब तयार करणारा पंप इंजिनवर फिरतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, पंप बंद म्हणजे पट्ट्यावरची पकडही सैल आणि तेलपाणीही बंद. रस्त्यावरची चाकं मात्र फिरतच असतात आणि ती गिअरबॉक्सच्या आतले भाग फिरवत राहतात. लिव्हर न्यूट्रलला टाकला की फक्त इंजिनाकडची बाजू सुटते, चाकांकडची सुटत नाही. बहुतेकांचा घात होतो तो इथेच, कारण मॅन्युअल गाडीच्या सवयीने आपण ‘न्यूट्रल आहे ना, मग ओढा’ म्हणतो. कोरडा, सैल पट्टा पुलीवर घसरला की पुलीच्या गुळगुळीत तोंडावर ओरखडे उठतात. पुढे इंजिन सुरू केल्यावर पट्टा त्या ओरखड्यांवरून जाताना घसरतो आणि पकडतो, त्याचाच झटका बसतो.

गॅरेजमध्ये नुसतं ‘ऑइल बदला’ म्हणू नका. गिअरबॉक्सचा खालचा पॅन उघडून घ्या आणि त्यातले लोहचुंबक स्वतःच्या डोळ्यांनी बघा. चुंबकावर बारीक काळपट लेपासारखा थर असेल तर तो नेहमीच्या झिजेचा आहे. बोटाला टोचणारे, चमकणारे कण किंवा पापुद्रे असतील तर पट्टा किंवा पुली गेली आहे आणि ऑइल बदलून काही साधणार नाही. ऑइल घालायचं ते तुमच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या प्रकारचंच. साध्या ऑटोमॅटिकचं ऑइल सीव्हीटीत घातलं तर पट्टा आणखी घसरतो. पॅन उघडलाच आहे तर ऑइल दुधाळ आहे का तेही पाहा. गिअरबॉक्सला हवा येण्या-जाण्यासाठी एक छोटी नळी असते आणि खोल पाण्यात तिच्यातून पाणी आत जाऊ शकतं.

आता इंजिन. तुम्ही गिअरबॉक्सचं विचारलंत, पण मला जास्त काळजी त्या चार-पाच वेळा दाबलेल्या बटणाची वाटते. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलं की पिस्टन वर येताना ते हवेसारखं दाबलं जात नाही. ताकद कुठेतरी जायलाच हवी, म्हणून कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकतो. पुष्कळदा तो इतका थोडा वाकतो की वाळवल्यावर इंजिन सुरू होतं, ठीक चालतं, आणि काही महिन्यांनी रॉड तुटून ब्लॉकला भोक पडतं. म्हणून सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजून घ्या. रॉड वाकला की पिस्टन पूर्ण वरपर्यंत येत नाही आणि त्या सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा स्पष्ट कमी दिसतो. इंजिन ऑइलची पट्टी काढून बघा. रंग दुधाच्या चहासारखा असेल तर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, इंजिन थोडा वेळ उभ्या गाडीतच चालवून पुन्हा एकदा बदला.

पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायचीच नसते. बॉनेट उघडायचं, एअर फिल्टरचा डबा खोलायचा आणि फिल्टरला हात लावायचा. फिल्टर ओला असेल तर स्टार्टरला हात लावायचा नाही. मग मेकॅनिकने सगळे स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवायचं, म्हणजे पाणी प्लगच्या भोकांतून कारंज्यासारखं बाहेर पडतं, आणि त्यानंतरच प्लग बसवायचे. मॅन्युअल गाडीवाल्यांनी धक्का मारून सुरू करायचा मोहही टाळावा. धक्क्यानेही रॉड तसाच वाकतो. ऑटोमॅटिक तर धक्क्याने सुरू होतच नाही.

विम्याचंही इथेच सांगून टाकतो. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत, पाण्यात बंद पडल्यावर पुन्हा सुरू करताना झालेलं इंजिनाचं नुकसान बहुतेक वेळा नाकारलं जातं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. कोकणात जाणाऱ्या-येणाऱ्याने ते घ्यावंच. गाडी हलवण्याआधी पाण्याची पातळी दिसेल असे फोटो काढायचे आणि कंपनीला कळवायचं. बऱ्याच पॉलिसींत रस्त्यावरची मदत, म्हणजे फ्लॅटबेड (अख्खी गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक), आधीच समाविष्ट असते आणि मालकाला ते ठाऊक नसतं.

आता टोचन. कोणती गाडी कशी न्यायची हे तिची ताकद कोणत्या चाकांना जाते आणि गिअरबॉक्स कोणता आहे यावर ठरतं. मॅन्युअल गाडी न्यूट्रलमध्ये, चारही चाकं जमिनीवर ठेवून, थोडं अंतर ओढता येते, कारण तिच्या गिअरबॉक्सला तेल मिळतं ते गिअर फिरताना उडणाऱ्या तेलातून, पंपातून नाही. एएमटी (क्लच आणि गिअर यंत्राने आपोआप बदलणारी गाडी) आतून मॅन्युअलच, त्यामुळे तिलाही हेच लागू. अडचण एवढीच की ती गिअरमध्ये असताना बॅटरी मेली तर न्यूट्रल पडत नाही. सीव्हीटी, टॉर्क कन्व्हर्टर, ड्युअल क्लच या तिन्ही प्रकारच्या ऑटोमॅटिकना फ्लॅटबेड हाच सरळ मार्ग. फ्लॅटबेड नसेल तर ज्या चाकांना ताकद जाते ती उचलायची: तुमच्यासारख्या गाडीची पुढची, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची मागची. काही कंपन्या ठरावीक ऑटोमॅटिकना कमी वेगात थोडं अंतर ओढायला परवानगी देतात, तो आकडा मॅन्युअलमध्ये असतो आणि तोच अंतिम. चारही चाकांवर चालणारी गाडी दोन चाकं उचलून नेली तर मधला कपलिंग जळतो. ती पूर्ण वर चढवूनच न्यायची. इलेक्ट्रिक गाडीची चाकं फिरली की मोटर वीज तयार करू लागते, म्हणून तिला दोरी लावायचा विचारही नको.

दोरी फक्त एकाच कामाची असते: गाडी धोक्याच्या जागेवरून पुढच्या सुरक्षित जागेपर्यंत नेणं. वळणावरून सरळ पट्ट्यात, पुलावरून पलीकडच्या मोकळ्या जागेत. घरी किंवा गॅरेजला नेणं हे दोरीचं काम नाही, आणि घाट उतरताना तर दोरी अजिबात नको, गाडी मॅन्युअल असली तरी.

कारण तुमच्या त्या कडक ब्रेकमध्ये आहे. पेट्रोल गाडीत ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद झाल्यावर साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीनदा ब्रेक हलका लागतो, नंतर सगळा जोर पायाचा. स्टिअरिंगचीही मदत गेलेली असते. उतारावर दोन्ही गाड्यांना थांबवायचं काम बऱ्याच अंशी मागच्या गाडीने करायचं असतं, नाहीतर दोरी सैल पडते, चाकाखाली येते आणि पुढच्या हिसक्याला तुटते किंवा हुक उपटते. म्हणजे ज्या गाडीत ब्रेकची ताकद नाही तिच्यावरच सगळा भार. तुम्ही सुखरूप उतरलात ही मोठीच गोष्ट.

ओढायचीच वेळ आली, रस्ता सपाट आहे आणि अंतर थोडं आहे, तर असं करा. हुक स्टेपनीजवळच्या टूलकिटमध्ये असतो. बंपरवरचं चौकोनी झाकण काढून तो आत फिरवायचा आणि शेवटी चाकाच्या पान्याचा दांडा घालून पूर्ण घट्ट करायचा. काही युरोपीय गाड्यांत आटे उलटे असतात, फिरत नसेल तर दुसरीकडे फिरवून बघा. अर्धवट फिरवलेला हुक पहिल्याच ओढीला वाकतो. दोरी बंपरला, लोअर आर्मला, स्टिअरिंगच्या रॉडला किंवा खालच्या पातळ कड्यांना बांधू नका. त्या कड्या गाडी जहाजावर किंवा ट्रकवर आवळून बांधायला असतात, ओढायला नाहीत.

ओढायला दोरीऐवजी पट्टा घ्यावा, तो पॉलिएस्टरचा, रुंद, दोन्ही टोकांना शिवलेले फासे असलेला. लांबी ४ ते ५ मीटर, आणि तुटण्याची क्षमता गाडीच्या वजनाच्या निदान तिप्पट. छोट्या हॅचबॅकला ३ टन, एसयूव्हीला ६ टन. ट्रकच्या ताडपत्रीची दोरी गाठी मारून वापरली जाते, पण गाठ मारली की दोरीची ताकद जवळपास निम्म्यावर येते. शिवाय ताणलेली गाठ नंतर सुटत नाही, कापावीच लागते. पोलादी वायर टाळा, तुटली तर ती चाबकासारखी मागे येते.

मागच्या गाडीत इग्निशन चालू ठेवायचं, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. बटणाच्या गाडीत ब्रेक न दाबता बटण दोनदा दाबलं की इग्निशन लागतं. तुमच्या प्रकारात, फिल्टर ओला असताना, चुकून ब्रेक दाबून बटण दाबलं जाऊ नये, म्हणून शक्य असेल तर आधी मेकॅनिकला फोनवर विचारा. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर बॅटरी असेपर्यंतच तो सोडवून घ्या. लिव्हर पार्कमधून निघत नसेल तर त्याच्या बाजूला छोटं झाकण असतं, त्याखालच्या खाचेत पेचकस दाबून तो मोकळा होतो. ही सोय सगळ्या गाड्यांत नसते, तुमच्या गाडीत कुठे आहे ते आजच बघून ठेवा.

मागे बसणाऱ्याकडे लायसन्स हवंच, कायद्यानेही. त्या गाडीत इतर कोणी बसू नये. दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नसावं, पट्टा लांबून दिसेल असं काहीतरी रंगीत फडकं मधोमध बांधावं आणि मागे ‘ऑन टो’ अशी पाटी लावावी, हेही नियमातच आहे. वेग ताशी २० ते २५ किलोमीटर, अधिक नाही. पुढच्याने पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लचवर आधी दोरीतला ढिलेपणा काढायचा, मग ओढ द्यायची. मागच्याने सतत हलकासा ब्रेक ठेवून दोरी ताठ राखायची, आणि थांबायचं असेल तेव्हा पुढच्याच्या आधी आपण ब्रेक लावायचा. चारही इंडिकेटर लुकलुकत असताना वळायचा इंडिकेटर बहुतेक गाड्यांत दिसत नाही, म्हणून वळताना हात दाखवायचा. निघण्याआधी दोघांनी एक-दोन खुणा ठरवून घ्याव्यात. एक लांब हॉर्न म्हणजे थांब, इतकं पुरे. मोबाइलवर बोलत चालवू नये.

चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढणं हे टोचनपेक्षा वेगळं आणि जास्त धोक्याचं काम. जांभ्या मातीच्या लाल चिखलात चाक अर्धं बुडालं की गाडीच्या वजनाइतका जोर लागू शकतो. आधी फावड्याने चाकापुढची माती काढा, खाली दगड, फांद्या, नाहीतर गाडीतलेच पायपुसणे टाका, टायरची हवा १८-२० पीएसआयपर्यंत कमी करा. निम्म्या वेळा मग ओढायची गरजच पडत नाही. ओढताना ट्रेलरच्या गोल गोळ्याला दोरी कधीच अडकवू नका. तो गोळा तुटून गोळीसारखा सुटल्याने माणसं गेली आहेत. पट्ट्याच्या मधोमध ओलं पोतं टाका, म्हणजे तुटला तर उसळणार नाही. आणि बघ्यांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट तरी लांब उभं करा.

घाटात गाडी बंद पडली तर सुरुवातीची पाच मिनिटं गाडीची नाहीत, माणसांची आहेत. गाडी न्यूट्रलला टाकून ढकलत रुंद साइडपट्टीवर घ्या आणि चाकाला मोठा दगड लावा. जागा निवडताना डोंगराकडे वर बघा. ताजे दगड किंवा माती पडलेली दिसली तर तिथे थांबू नका, तिथून आणखी येणार. दरीच्या बाजूची कड पावसाने आतून पोकळ झालेली असू शकते, चाक तिच्यावर नेऊ नका. त्रिकोण वळणाच्या अलीकडे ठेवा, म्हणजे येणाऱ्याला वळायच्या आधी दिसेल. गाडीत बसून राहू नका, आणि गाडीच्या मागेही उभे राहू नका. ताम्हिणीत बऱ्याच पट्ट्यात मोबाइलला रेंज नसते. जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा कागदावर लिहून खाली जाणाऱ्या गाडीवाल्याकडे द्या. रेंज असेल तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३, कुठेही ११२.

पाण्यातून गाडी काढायचीच असेल तर आधी दुसरी गाडी जाऊ द्या आणि तिच्या चाकावर पाणी कुठपर्यंत येतं ते बघा. चाकाच्या मध्याच्या वर असेल तर थांबा. पाणी वाहतं असेल तर फूटभरसुद्धा जास्त आहे, कारण ते छोट्या गाडीला कडेला ढकलतं आणि खालचा रस्ता उरलाय की नाही ते दिसत नाही. मोरी किंवा फरशी पुलावर पाणी असेल तर कितीही उथळ वाटलं तरी जाऊ नये. जायचं ठरलं तर एसी बंद, पहिला गिअर, एकसारखा हलका ॲक्सिलरेटर, मधे सोडायचा नाही. समोरून ट्रक येत असेल तर तो जाऊ द्या, त्याची लाट तुमच्या बॉनेटवर चढते. बाहेर आल्यावर हळू चालवत तीन-चार वेळा हलका ब्रेक मारून डिस्क सुकवा.

पावसाळ्याआधीच्या तयारीत सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ब्रेक फ्लुइड. ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ (ब्रेक फ्लुइडचा नेहमीचा प्रकार) किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की ते उकळतं, नळीत वाफ होते आणि पेडल खाली जातं, पण गाडी थांबत नाही. म्हणून फ्लुइड दर दोन वर्षांनी बदला, गाडी कमी चालली असली तरी. पॅड ३ मिलिमीटरच्या खाली असतील तर बदला, आणि कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिना काढून त्यांना ग्रीस लावून घ्या. कोकणातल्या खाऱ्या हवेत त्या अडकतात, मग एकच चाक ब्रेक मारतं आणि ओल्या रस्त्यावर गाडी बाजूला ओढली जाते. उतारावर सीव्हीटीत एल किंवा स्पोर्ट मोड, मॅन्युअलमध्ये चढायला जो गिअर लागला असता तोच. ब्रेकचा जळका वास आला तर थांबा आणि पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, हँडब्रेकही ओढू नका, चाकाला दगड लावा.

टायरची कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण पावसात ३ मिलिमीटरच्या खाली नक्षी पाणी नीट बाहेर टाकू शकत नाही. टायरच्या बाजूवरचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. सहा वर्षांपेक्षा जुना टायर नक्षी भरपूर दिसली तरी ओल्या घाटाला नेऊ नका, रबर कडक झालेलं असतं. स्टेपनीची हवाही मोजा.

बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दाखवायला हवी. वायपरखालच्या जाळीत पानं अडकली की पाणी तुंबून केबिनमध्ये उतरतं, ती साफ ठेवा. दारांच्या खालच्या कडेची भोकं काडीने मोकळी करा. वायपरचं रबर मे महिन्याच्या उन्हात तडकतं, म्हणून ते जूनच्या तोंडाशी बदला. गावाकडे गाडी चार-पाच दिवस उभी राहणार असेल तर बॉनेट रोज उघडून बघा. पावसात उंदीर इंजिनच्या ऊबेला येतात आणि एक वायर कुरतडली तरी गाडी निघायच्या दिवशी सुरू होत नाही. हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओलाव्याने शू ड्रमला चिकटतात. गाडी पार्कमध्ये किंवा गिअरमध्ये ठेवून चाकाला ओंडका लावा.

गाडीत हे ठेवा: ओढायचा पट्टा, त्याची ओढ पेलतील असे दोन शॅकल (पट्टा हुकाला जोडणारी, पिन असलेली पोलादी कडी), हुक जागेवर आहे याची खात्री, त्रिकोण, डोक्याला लावायची टॉर्च, लहान फावडं, हवेचा मीटर आणि पंप, जंपर केबल, रेनकोट. शॅकलची पिन हाताने पूर्ण घट्ट करून पाव फेरा मागे फिरवायची, नाहीतर ओढीनंतर ती जाम होऊन पान्याशिवाय सुटत नाही.